देवा, मम्मीला सांगू नको

आमच्या फ्रीजच्या दारावर तीन वर्षं एक तक्ता चिकटवलेला होता. आडवे वार आणि त्याखाली एकेक काम: सकाळची प्रार्थना, जेवणाआधीची प्रार्थना, आठवड्याचं वचन, खरं बोलणं, भावाशी न भांडणं, संडे स्कूल. झालं की हिरवी खूण, चुकलं की लाल. मी नर्स आहे. पेशंटचा ताप-नाडी-श्वास नोंदायचा टीपीआर चार्ट आणि पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याचा इनटेक-आउटपुट भरण्यात माझी अठरा वर्षं गेली. नर्सिंगला असताना आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की जे लिहिलेलं नाही ते केलंच नाही असं समजायचं. वॉर्डात ते बरोबर आहे. मी ते घरी आणलं आणि दोन लेकरांच्या विश्वासाचा चार्ट भरायला लागले.

त्या वेळी यात मला काहीच वावगं वाटत नव्हतं. थोरली आठ वर्षांची असताना तिला स्तोत्र २३ आणि १२१ तोंडपाठ होती, दहा आज्ञा ती क्रमानं म्हणायची. मंडळीत कुणी "तुमची मुलगी किती गुणी आहे" म्हटलं की मी "प्रभूची कृपा" असं उत्तर द्यायचे, पण मनातून श्रेय स्वतःकडे घ्यायचे. हे आज लिहिताना जड जातंय, तरी लिहिते.

हा हट्ट कुठून आला याचा मी खूप विचार केला. जालन्यात आम्ही ज्या गल्लीत राहतो तिथं ख्रिस्ती घर आमचं एकच. माझ्या पणजोबांची पिढी गावकुसाबाहेरच्या वस्तीतून मंडळीत आली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. शनिवारी रात्री पितळी तांब्यात निखारे घालून ते आमच्या कपड्यांना कडक इस्त्री करायचे आणि म्हणायचे, "बाळांनो, चार माणसं आपल्याकडं बघत असतात." जातीवरून आणि धर्मावरून दोन्हीकडून बोलणी खाल्लेल्या माणसाला स्वच्छ कपडा आणि शुद्ध भाषा यांचा केवढा आधार असतो ते मी जवळून पाहिलंय. त्यांच्या कडकपणाला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण मी पगारावर, स्वतःच्या पक्क्या घरात, सन्मानानं राहते. तरी वडिलांची ती भीती मी जशीच्या तशी माझ्या लेकरांच्या अंगावर चढवली. आमची मुलं चुकली तर लोक "ख्रिस्त्यांची लेकरं बघा" म्हणतील, आणि मंडळीतले म्हणतील, "आईच कमी पडली." या दोन वाक्यांच्या मध्ये मी मुलं वाढवत होते.

त्यात नीतिसूत्रातलं ते वचन, मुलाला योग्य शिक्षण दिलं तर तो म्हातारपणीही त्यापासून ढळणार नाही. मी त्याला हमीपत्र समजून बसले होते. आपण सगळं बरोबर केलं की लेकरू बरोबरच निघणार. आणि निघालं नाही तर आपल्या हातून कुठंतरी चूक झालीय.

थोरली अकरा वर्षांची झाली त्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या आसपास, मुरडा आल्यासारखं. मी आधी जंताचं औषध दिलं. मग अपेंडिक्सची भीती वाटली म्हणून उजवीकडं खाली दाबून पाहिलं, लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासून माझ्याशीच जास्त वेळ बोलणं केलं. ताप नाही, उलटी नाही, वजन घटलेलं नाही, झोपेतून दुखून उठत नाही, दुखणं बेंबीपाशीच. अशा दुखण्यात बहुतेक वेळा आतड्यात काही सापडत नाही, पण दुखणं खोटं नसतं, लेकराला खरंच दुखतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "सिस्टर, कोणत्या वारी दुखतं?" मी सांगायला गेले आणि अडखळले. शनिवारी संध्याकाळी. दर शनिवारी. रविवारी दुपारी जेवली की थांबायचं.

शनिवारी रात्री मी वचनाचं पाठांतर घ्यायचे.

इतकं समोर दिसूनही मी बदलले नाही, हे सांगायलाच हवं. शाळेचा ताण असेल, असं मी ह्यांना सांगितलं. हे बियाण्याच्या कंपनीत आहेत, हंगामात पंधरा-पंधरा दिवस शेतावर फिरतात. ते एवढंच म्हणाले, "थोडं सोड तिला." मला त्याचा राग आला. सोडणं म्हणजे हयगय, असंच मला वाटायचं.

मग नाताळच्या आधीचा रविवार आला. मुलांचा कार्यक्रम होता. थोरलीकडं लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या होत्या. कैसर औगुस्ताच्या आज्ञेपर्यंत ती नीट आली आणि पुढच्याच ओवीत सूरियाच्या त्या सुभेदाराच्या नावाशी अडकली. क्विरीनिय. मोठ्या माणसांची जीभ वळत नाही असं नाव आहे ते. तिच्या संडे स्कूलच्या टीचरनी खालून हळूच सांगितलं, पण तिला ते ऐकूच गेलं नाही, कारण ती टीचरकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या तोंडावर त्या क्षणी काय होतं ते मला आरशाशिवाय कळतंय. लोकांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली.

घरी आल्यावर मी ओरडले नाही. मी शांत आवाजात म्हणाले, "प्रभूच्या पुढं उभं राहून असं करतात का?" ओरडले असते तर बरं झालं असतं. ती चार वेळा "सॉरी मम्मी" म्हणाली. मी स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण भाजत राहिले.

रात्री मच्छरदाणी नीट खोचायला म्हणून गेले तर आतून कुजबुज ऐकू आली. मी दाराशी थांबले. ती प्रार्थना करत होती, मंडळीत करतात तशी नाही, भरभर, श्वास न घेता. "देवा, मी दोन दिवस वचन पाठ केलंच नव्हतं. हिरवी खूण मीच केली. भाऊचा खडूचा डबा मी फोडला आणि त्याचंच नाव सांगितलं. मला माफ कर. पण मम्मीला सांगू नको. प्लीज मम्मीला सांगू नको. आमेन."

मी तशीच मागं फिरले. ओट्याला धरून किती वेळ उभी होते ठाऊक नाही.

त्या रात्री मला माझा वॉर्डच डोळ्यांपुढं दिसत होता. काही सीनिअर सिस्टर अशा असतात की ज्युनिअरकडून औषधाची वेळ चुकली, सलाइनचा वेग चुकला की सगळ्यांसमोर तिचं पाणी पाणी करतात. त्यांच्या ड्यूटीला रजिस्टर स्वच्छ असतं. नवख्यांना वाटतं, काय शिस्त आहे! मला इतक्या वर्षांत कळलंय की तिथं चुका होत असतातच, फक्त त्या सांगायला कुणी येत नाही, आणि न सांगितलेली चूक पेशंटच्या अंगावर जाते. म्हणून माझ्या हाताखालच्या पोरींना मी पहिल्या दिवशीच सांगते: चुकलं तर धावत माझ्याकडं ये, आधी पेशंट सांभाळू, बाकीचं मग बघू. परक्या पोरींना मी हे सांगत होते. माझी पोटची पोर देवाला विनवत होती की मम्मीला कळू देऊ नको.

दर रविवारी उपासनेत आम्ही उभं राहून पापांची कबुली देतो. तेवढ्याचसाठी तर आपण तिथं जातो, की खरं सांगता येतं आणि सांगितल्यावर कुणी हाकलत नाही. माझ्या घरात मात्र खरं सांगायला जागा उरली नव्हती, आणि फ्रीजवर हिरव्या खुणा वाढत होत्या.

सकाळी आत्याबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सासू-सुनेत असं बोलणं आमच्यात फारसं होत नाही. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. तुझा मोठा दीर पाठीला, नणंद बाभळीखाली पोत्यावर. सुकडी मिळायची ती या दोघांच्या तोंडात. घरी मिलो ज्वारीची लाल भाकर. सांजच्याला अंगात बोलायची ताकद नसायची बाई. मग काय, दोघांच्या डोक्यावर हात ठेवायची अन् म्हणायची, प्रभू, तुझी हायत, तूच बघ. झाली प्रार्थना."

मी म्हटलं, "आणि तरी तुम्ही सगळ्यांना विश्वासात वाढवलं."

"कुठं सगळ्यांना?" त्यांनी खडा उचलून बाजूला टाकला. "मोठा रोज शास्त्र वाचतो. नणंद तुझी नाताळाला येती, ती बी माझं मन राखायला. हात तर दोघांवर एकच ठेवला व्हता. मंग कामून असं? मला नाय ठावं. त्याला ठावं."

त्या बाईनं पन्नास वर्षं एक लेक देवाच्या हातात उघडी ठेवलीय, हमीपत्राशिवाय. मला एका ओवीवर घाम फुटला होता.

पुढच्या आठवड्यात मला नाइट होती. पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड निजला की मी शास्त्र उघडते. लूकचा दुसरा अध्यायच काढला. मुलांच्या कार्यक्रमासाठी मी तो विसाव्या ओवीपर्यंत किती वेळा वाचून घेतला असेल, पण एका दमात शेवटपर्यंत गेलेच नव्हते. त्याच अध्यायाच्या शेवटी बारा वर्षांचा येशू हरवतो. सण संपवून आईबाप एक दिवसाची वाट चालून जातात तरी त्यांना पत्ता नाही, पोरगा सोबत्यांत असेल असं धरून चालतात. तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. मरिया त्याला बोल लावते. तो जे उत्तर देतो ते त्यांना समजत नाही. हेही तिथं स्पष्ट लिहिलंय. आणि मग ते सगळे मिळून घरी नासरेथला जातात. देवानं स्वतःचं लेकरू ज्या आईच्या हातात दिलं तिची इतकी मोठी चूक शास्त्रात झाकून ठेवलेली नाही. मला हे संडे स्कूलपासून माहीत होतं. आई म्हणून मी ते त्या पहाटे पहिल्यांदा वाचलं.

पाळकसाहेबांकडं गेले ते एका ओवीचं ओझं घेऊन: तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. मी विचारलं, मग हे काय आहे? ते शेतकरी घरातले आहेत, अंबडकडची मोसंबीची बाग होती त्यांची. ते म्हणाले, मूळ ग्रीक शब्द तेलेयोस, त्यात डाग नसण्यापेक्षा पूर्णत्वाला पोचणं, पक्व होणं हा अर्थ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला मोसंबीचा आंबे बहार हाती यायला दिवाळी उजाडते, मधे ओरबाडून उपयोग नाही. "आणि त्याच्या तीन ओव्या आधीची ओवी वाचा ताई. चांगल्यांवर आणि वाइटांवर तो सारखाच सूर्य उगवतो. पूर्ण म्हणजे काय हे सांगायला प्रभूनं तो दाखला दिलाय." मग त्यांनी पौलाचं आठवण करून दिलं, बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैच्या पत्रात पुढं कारणही दिलंय, ती खिन्न होतील म्हणून. मी हे वचन माझ्या चार्टमध्ये कधी घेतलं नव्हतं. ते आईबापांसाठी होतं ना.

जालन्यातल्या ख्रिस्ती माणसाला रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं नाव नवीन नाही. निजामाच्या मुलखात त्यांनी शहराजवळ बेथेलची ख्रिस्ती वसाहत वसवली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांकडं गेलेला त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अजाण पोर, याच्यासाठी मात्र कोर्टकचेरी झाली. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला शुद्ध करून जातीत घ्यायचं की नाही यावरून ब्राह्मणांत वाद पेटला, आणि बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले म्हणून त्यांनाही त्रास सोसावा लागला. मी हे पूर्वी वाचलं तेव्हा कोण बरोबर, कोण चूक एवढंच पाहिलं होतं. आता मला त्यात फक्त तो पोरगा दिसतो. मिशन, कोर्ट, वडील, शास्त्री, सगळी मोठी माणसं आपापल्या जागी प्रामाणिक, आणि मधे एक लेकरू, ज्याच्या तोंडच्या घासावरून मोठ्यांची हारजीत ठरत होती.

मी थोरलीची माफी मागितली. तिनं गळ्यात पडावं असं मला वाटलं होतं, पण ती ताठ बसून राहिली. मी म्हणाले, "मी तुझी प्रार्थना ऐकली. ऐकायला नको होती. त्यात तू जे बोललीस त्याचा मला राग नाही. तुला माझी भीती वाटते ही चूक माझी आहे." ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "मग चार्ट काढायचा का?" आम्ही दोघींनी तो काढला. दारावर चार ठिकाणी टेपचे डाग राहिले, ते रॉकेलनं पुसले तरी पूर्ण गेले नाहीत.

वाटलं, झालं. पण खरं काम तिथून पुढं होतं.

थोरलीला माझ्यावर विश्वास ठेवायचाच नव्हता, आणि तिचं बरोबर होतं. जानेवारीत तिनं सांगितलं, मी संडे स्कूलला येणार नाही. उपासनेला आली, पण माझ्याजवळ न बसता आजीजवळ बसली. महिला मंडळात एकीनं विचारलं, "मुलगी दिसत नाही हल्ली वर्गात, सगळं ठीक ना?" माझे कान तापले. पूर्वी मी घरी येऊन ते सगळं तिच्यावर ओतलं असतं. त्या दिवशी "ठीक आहे, थोडी थांबलीय" म्हणाले आणि पाय ओढत घरी आले. सात रविवार ती गेली नाही. आठव्या रविवारी स्वतःहून गेली, का ते मी विचारलं नाही. अजूनही माहीत नाही.

माझंही सरळ चाललं नव्हतं. चार्ट गेला, पण माझ्या पर्समध्ये एक छोटी डायरी आली. आज किती वेळा चिडले, किती वेळा समजून घेतलं, याच्या उभ्या रेघा. महिनाभरानं त्या रेघा बघताना मला कळलं, मी लेकरांचा चार्ट काढून स्वतःचा लावलाय. आता मला चुका सोडून देण्यातही पैकीच्या पैकी हवे होते. ती डायरी मी फाडली नाही. तिच्यात पुढं दुधाचा हिशेब लिहिला.

रात्रीची प्रार्थना आम्ही सोडली नाही. काही मैत्रिणी म्हणतात, मुलांना मोठं झाल्यावर ठरवू द्या, घरात काही नको. मला ते पटत नाही. जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मी ताटात वाढणारच. खोटं बोललेलं आणि भावाला मारलेलं मला आजही चालत नाही. पण प्रार्थना आता दहा मिनिटांची असते. प्रत्येकानं दिवसातली एक गोष्ट सांगायची, बरी किंवा वाईट. पहिल्या आठवड्यात कुणी बोलेना, म्हणून मीच सुरुवात केली. म्हटलं, आज वॉर्डात एका म्हातारीच्या नातवावर विनाकारण खेकसले, त्याची माफी मागायची राहिली. सात वर्षांचा धाकटा डोळे उघडून बघायला लागला. "मम्मी पण चुकते?" त्यानं बापाला विचारलं. हे म्हणाले, "चुकते की. मी पण." त्याला त्या रात्री उशिरापर्यंत झोप येईना, इतकं त्याला ते नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्या नातवाला शोधून माफी मागून आले, कारण धाकटा संध्याकाळी विचारणार हे माहीत होतं. त्यानं विचारलंच.

शनिवारचं पोटदुखणं एप्रिलपर्यंत हळूहळू विरलं. मधे दोनदा परत आलं, परीक्षेत.

गेल्या महिन्यात मी नाइट करून उठले होते. थोरली शाळेतून आली ती दप्तर न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हातात गणिताचा पेपर. वीसपैकी सात. खाली माझी सही होती, आणि ती मी केलेली नव्हती. "मम्मी, तुझी सही मी केली. सोमवारीच. टीचरना दिली पण. पण मला झोप येईना."

राग आला. खूप आला, गळ्यापर्यंत. मी माठाकडं गेले, एक ग्लास पाणी प्याले, दुसरा भरला, तो तिला दिला. ती तिथंच उभी राहून पाणी प्याली. तिचा हात थरथरत होता, पण ती माझ्याकडं बघत होती. मी पेपर हातात घेतला, अपूर्णांकांची तिन्ही गणितं चुकली होती. म्हटलं, "उद्या आपण दोघी शाळेत जाऊ. टीचरना तू सांगशील, मी शेजारी उभी राहीन. आता दप्तर ठेव. जेवलीस का?"

"नाही."

तिला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. जेवताना ती रडली, मग जेवली.

रात्री मच्छरदाणी खोचून मी बाहेर पडत होते तेव्हा तिची कुजबुज सुरू झाली होती. मी दार हळूच ओढून घेतलं आणि आत्याबाईंच्या गोळ्या काढायला गेले.